बिगारीपासून गवंड्यापर्यंत: बांधकामावर स्त्रिया आणि वंचित समाजांतील कामगारांची भरती कशी वाढवावी

बांधकामावर बाया कामाला येत नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी सकाळी साडेआठच्या सुमारास पुण्यातल्या कोणत्याही चालू प्रकल्पाच्या फाटकाशी दहा मिनिटे उभे राहावे. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावर चुंबळ आणि कडेवर पोर अशा बाया पिढ्यान्‌पिढ्या घमेली वाहत आल्या आहेत. वडार, बेलदार, लमाण, मातंग, भिल्ल, मुस्लिम अशा किती समाजांच्या हातांनी आपली शहरे उभी राहिली, याची तर मोजदादच कोणी ठेवलेली नाही. त्यामुळे ‘भरती वाढवा’ याचा अर्थ नुसती डोकी वाढवणे असा घेतला, तर आणखी चार बिगारी बाया आणून कागद भरता येईल आणि साइटवर काहीही बदलणार नाही. बाई बिगारी म्हणून येते आणि वीस वर्षांनी बिगारी म्हणूनच थांबते. तिच्याबरोबर कामाला लागलेला पोरगा मात्र चार-पाच वर्षांत थापी हातात घेतो आणि तिच्याहून कितीतरी अधिक मजुरी मिळवू लागतो. या लेखात भरती हा शब्द वरच्या पायरीवरच्या भरतीसाठी वापरला आहे. मध्यम आकाराचे विकासक, ठेकेदार, साइट इंजिनिअर आणि मनुष्यबळाचे काम पाहणारी मंडळी यांना तो उपयोगी पडावा. मी हेच काम करत आलो आहे आणि पुढे सांगितलेल्या चुकांपैकी काही माझ्याच हातून झालेल्या आहेत.

सुरुवात हजेरीपटापासून

गेल्या तीन महिन्यांची हजेरी आधी समोर घ्यावी. कार्यालयातल्या संगणकावरची यादी बिलासाठी नीटनेटकी केलेली असते, म्हणून सुपरवायझरच्या खिशातली वहीही मागून घ्यावी. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: नोंद कोणत्या दर्जाची आहे, प्रत्यक्षात काम कोणते चालते आणि मजुरी कोणाच्या हातात किंवा खात्यात जाते. पहिले दोन रकाने भरताना फारसे आश्चर्य वाटत नाही. तिसरा रकाना भरायला घेतला की सुपरवायझर घुटमळू लागतो, कारण वहीत पुष्कळ बायांचे नावच नसते. ‘जोडी, २६ दिवस’ अशी नोंद असते आणि पुढे नवऱ्याचे नाव.

जोडीची ही पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीही करता येत नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून जसा एक ‘कोयता’ होतो, तशी बांधकामावर नवरा-बायकोची जोडी होते. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा घेतो, आठवड्याची खर्ची नवऱ्याच्या हातात पडते, हिशेब चुकता करताना अंगठा किंवा सही नवऱ्याची असते आणि बाईचे काम त्याच्या हजेरीची पुरवणी म्हणून मोजले जाते. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ साली झाला, त्यात भरतीच्या वेळी भेदभाव करण्यालाही मनाई होती आणि हीच तत्त्वे पुढे वेतन संहिता, २०१९ मध्ये आली. ही संहिता अन्य तीन श्रमसंहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. परंतु ज्या बाईचे नाव कागदावरच नाही, तिला कोणता कायदा लागू करणार? कायद्याने दिलेली प्रत्येक गोष्ट, मग ती प्रसूतीची मदत असो की अपघाताची भरपाई, नावाच्या नोंदीपासून सुरू होते.

ही पद्धत एका दिवसात मोडू नये. मी एकदा तसे केले होते. महिन्याच्या पहिल्या तारखेला ‘उद्यापासून बायांची मजुरी बायांच्या खात्यात’ असे जाहीर केले, आणि आठवडाभरात सहा जोड्या शेजारच्या साइटवर निघून गेल्या. नवऱ्यांनी घेतलेली उचल अजून फिटायची होती आणि ती कोणाच्या मजुरीतून वळती होणार, हे कोणीच स्पष्ट केले नव्हते. चूक सर्वस्वी माझी होती. त्यानंतर क्रम बदलला. नव्याने येणाऱ्या जोड्यांपासून सुरुवात केली, दोघांची हजेरीकार्डे वेगळी केली आणि उचल ज्याने घेतली त्याच्याच कार्डावर लिहिली. तिची खर्ची दर शनिवारी तिच्या हातात दिली. बँक खाते नंतर आले. खाते उघडताना आधारवरचे माहेरचे नाव आणि शिधापत्रिकेवरचे सासरचे नाव जुळत नाही, ही अडचण हटकून येते. त्यासाठी बँकेच्या माणसाला महिन्यातून एकदा साइटवरच बोलावणे हा सगळ्यांत कमी कटकटीचा मार्ग आहे. बाईचा रोज बुडवून तिला शाखेत पाठवले, तर दुसऱ्या खेपेला ती जात नाही.

मुकादमाच्या पलीकडे

आपल्याकडे कामगार जाहिरात वाचून येत नाहीत, मुकादमामार्फत येतात. मुकादम आपल्या गावातून, आपल्या नात्यातून आणि बहुधा आपल्याच जातीतून माणसे आणतो. त्यामुळे साइटवरची कामे समाजांनुसार वाटली जातात: सळई बांधणारी टोळी पश्चिम बंगालमधल्या माल्दा-मुर्शिदाबादकडची, खोदाईला मराठवाड्यातली किंवा कर्नाटक सीमेवरची कुटुंबे, फरशी बसवणारे राजस्थानचे. हे कोणी ठरवून केलेले नसते, म्हणूनच ते बदलत नाही. सळईच्या टोळीत मातंग समाजातला होतकरू मुलगा शिकायला जाऊ शकत नाही, कारण त्या टोळीची भाषा वेगळी, जेवण वेगळे आणि हिशेब वेगळा असतो.

मुकादमाला वगळून चालत नाही, तसा प्रयत्नही करू नये. तो नसेल तर पाऊस लागला की माणसे गोळा कोण करणार? त्याच्याशी करायचा करार मात्र बदलता येतो. मजुरीच्या ठेक्याच्या कार्यादेशात तीन अटी घालाव्यात. प्रत्येक कामगाराची हजेरी आणि मजुरी स्वतःच्या नावे असावी. गवंडी, फिटर, फरशीवाला अशा प्रत्येक कुशल टोळीत एक जागा शिकाऊ कामगारासाठी राखावी आणि तिच्यावर माणूस विकासकाने पाठवावा. पहिल्या अटीचा पुरावा, म्हणजे हजेरीपट आणि मजुरी दिल्याची नोंद, चालू बिलासोबत जोडल्याशिवाय बिल पुढे जाऊ नये. तिसरी अट नसेल तर पहिल्या दोन्ही कागदावरच राहतात. शिकाऊ जागेची मजुरी मात्र विकासकाने स्वतः सोसावी. ठोक दराने काम करणाऱ्या टोळीच्या माथी ती मारली, तर टोळी त्या माणसाला पंधरा दिवस विटा उचलायला लावून परत पाठवते.

बाया शोधायच्या कुठे, असा प्रश्न नेहमी येतो. वारजे किंवा डांगे चौकासारख्या मजूर अड्ड्यांवर सकाळी बाया उभ्या असतातच, पण तिथून दिवसाच्या कामापुरती माणसे मिळतात. वर्षभर शिकणारी मिळणे कठीण. त्यासाठी महिला आर्थिक विकास महामंडळाचे बचत गट, शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संस्था आणि आपल्याच साइटवर आठ-दहा वर्षे बिगारी असलेल्या बाया, अशा तीन ठिकाणी पाहावे. यांतले तिसरे ठिकाण मला सर्वांत मोलाचे वाटते. एका साइटवर मी पाहिले, की गवंडी चहाला गेला की त्याच्या हाताखालची मावशी ओळंबा (दोरीला बांधलेले वजन) सोडून भिंत सरळ आहे का ते पाहायची, दोन विटा काढून पुन्हा बसवायची आणि तो यायच्या आत माल कालवायला परत जायची. चौदा वर्षे ती हे करत होती. गवंड्यालाही ते ठाऊक होते. ‘बाईच्या हाताला सफाई आहे,’ असे तो कौतुकाने म्हणायचा आणि पुढच्या वाक्यात तिला पाणी आणायला सांगायचा.

एकट्या बायांना, म्हणजे विधवा, टाकलेल्या किंवा नवरा आजारी असलेल्या बायांना मुकादम घेत नाही. ‘जोडी असेल तर सांगा, साहेब, सुटी बाई नको,’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. त्यामागे बाईची काळजी असते असे सांगितले जाते. खरे कारण पुष्कळदा असे असते, की तिच्या नावे उचल वसूल करायला दुसरे कोणी नसते. शिकण्याची निकड याच बायांना सर्वाधिक असते आणि शिकलेले काम सोडून जाण्याची शक्यता सर्वांत कमी. शिकाऊ जागांची पहिली यादी त्यांच्यापासून करावी.

वडार समाजाची गोष्ट वेगळी मांडायला हवी. दगड फोडणे आणि माती खणणे हे ज्यांचे पिढीजात कसब, त्यांचे काम ब्रेकर आणि जेसीबीने घेतले. दगडाची शीर कुठे आहे हे ज्याला हाताने कळते, तो ब्रेकर चालवायला शिकला तर कोणत्याही नवख्या चालकापेक्षा बरा ठरेल, असे मला वाटते. परंतु यंत्राच्या मालकाकडे चालक म्हणून त्याचा भाचाच असतो. यंत्रे भाड्याने घेताना मालकाशी एका मदतनीस चालकाची बोली करून ठेवता येते. खोदाईचे काम संपल्यावर वडार कुटुंबे पुढच्या साइटला निघून जातात, तेव्हा ही बोली पहिल्या आठवड्यातच करावी लागते.

कामगाराची जात किंवा धर्म भरतीच्या अर्जात विचारू नये. खाजगी नोकरीत त्या रकान्याचा उपयोग चांगल्या कामासाठी होण्यापेक्षा माणूस गाळण्यासाठीच होण्याचा संभव अधिक असतो. जातीचा दाखला मागण्याचेही कारण नाही. भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे महाराष्ट्रातील वास्तव्य दाखवल्याशिवाय तो मिळत नाही आणि पालावर जन्मलेल्या माणसाकडे आजोबांचा कागद कुठून असणार? ओळखीची कागदपत्रे घ्यायची तर सर्वांची सारखीच घ्यावीत. फक्त बंगाली बोलणाऱ्यांची किंवा फक्त मुस्लिम नावांची पोलिस पडताळणी करण्याची सवय अनेक सुरक्षारक्षकांना लागलेली असते. ‘पडताळणी सर्वांची किंवा कोणाचीच नाही’ असा लेखी नियम असेल, तर रक्षकालाही निःशंकपणे वागता येते.

कोणती कामे आणि किती वजन

‘बाईला झेपत नाही’ हा आक्षेप बहुतेक वेळा वजनाबद्दल असतो, आणि त्यात एक गंमत आहे. बांधकाम कामगारांविषयीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत प्रौढ पुरुषाने एका वेळी उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो आणि प्रौढ स्त्रीची ३० किलो दिली आहे. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. म्हणजे नियमाप्रमाणे बाईने गोणी उचलताच कामा नये; आणि जिना चढून माल, विटा, वाळू वाहण्याचे सर्वांत कष्टाचे काम आपण नेमके तिलाच दिलेले असते. त्या मानाने गवंड्याच्या हातात एका वेळी एक वीट आणि एक थापी असते. झेपण्याचाच हिशेब लावायचा, तर बाईने भिंत बांधावी आणि माल होइस्टने वर यावा.

विटकाम, गिलावा, फरशी, रंगकाम, वॉटरप्रूफिंग, विजेची वायरिंग आणि सीपीव्हीसी पाइपचे प्लंबिंग या कामांत ताकदीपेक्षा हाताची सफाई आणि सबुरी लागते. काँक्रीटच्या प्रयोगशाळेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण दहावी-बारावी झालेल्या मुलींसाठी ती उत्तम सुरुवात आहे: १५० मिलिमीटरचे घन भरायचे, तारीख घालायची, पाण्यात ठेवायचे, ७ आणि २८ दिवसांनी यंत्रावर दाबून आकडा लिहायचा. एक घन साधारण ८ किलोचा असतो. साहित्याचे भांडार, होइस्ट चालवणे, सुरक्षा सहायक, टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रावर सर्वेक्षकाची मदतनीस अशा जागाही आहेत. मात्र सगळ्या बाया कार्यालयात आणि भांडारात बसवून आकडा दाखवण्याचा मोह टाळावा. साइटवर खरी मजुरी आणि खरा मान हातकामालाच मिळतो.

शिकवण्याची व्यवस्था

गवंडीकाम पाहून पाहून येते असे म्हणतात, आणि पुरुषांच्या बाबतीत ते खरेही आहे, कारण त्यांना फावल्या वेळात थापी हातात घेऊ दिली जाते. बाईला ती मोकळीक मिळत नाही. जेवणाच्या सुट्टीत ती चूल पेटवते किंवा पोराला पाजते. म्हणून तिच्यासाठी शिकण्याचा वेळ कामाच्या तासांतच काढावा लागतो आणि त्या वेळाची पूर्ण मजुरी द्यावी लागते. रोज दोन तास, तीन महिने, एवढी तयारी ठेवावी.

तळघरात किंवा पार्किंगच्या मजल्यावर सरावाची एक भिंत बांधायला द्यावी. चुन्याच्या किंवा अगदी कमी सिमेंटच्या मालात ती बांधली, तर सायंकाळी विटा काढून, झटकून पुन्हा वापरता येतात. पहिले पंधरा दिवस फक्त ओळंबा, गुनिया (काटकोन तपासायचे साधन) आणि पाण्याची पातळी. मग नऊ इंची भिंतीला एकास सहा आणि अर्ध्या विटेच्या भिंतीला एकास चार हे सिमेंट-वाळूचे प्रमाण का, ते माल कालवूनच दाखवावे. हे प्रमाण त्यांना बहुधा शिकवणाऱ्यापेक्षा चांगले ठाऊक असते, कारण माल त्याच कालवत आल्या आहेत. तिसऱ्या महिन्यात त्यांना प्रत्यक्ष कामावरची भिंत द्यावी, पण ती दर्शनी नको. डक्टची किंवा जिन्याखालची असावी. पहिल्याच दिवशी दिवाणखान्याची भिंत दिली आणि ती जराशी वाकली, तर पुढची पाच वर्षे साइटवर तीच गोष्ट सांगितली जाते. पुरुष शिकाऊ मुलांच्या वाकड्या भिंती कोणी लक्षात ठेवत नाही.

शिकवणाऱ्या गवंड्याला दिवसामागे वेगळा भत्ता द्यावा, हे मी आग्रहाने सांगेन. तो ठोक दराने काम करत असेल तर शिकवण्यात जाणारा प्रत्येक तास त्याच्या खिशातून जातो, आणि मग त्याच्या विरोधाला आपण उगाच पुरुषी अहंकार म्हणतो. भत्ता सुरू केल्यावर कटकट पुष्कळशी निवते. उरते तो अहंकार, आणि त्यावरचा इलाज म्हणजे त्याच्यासमोर बायांच्या भिंतीला ओळंबा लावून दाखवणे.

हे सर्व आपल्या देशात याआधी झालेले आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्तीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बाया ‘संवाद सहायक’ म्हणून गावोगावी नेमल्या गेल्या. अहमदाबादेत असंघटित कामगार बायांच्या ‘सेवा’ या संघटनेने २००३ साली बांधकाम कामगार बायांसाठी ‘कर्मिका’ ही शाळाच काढली. केरळात कुडुंबश्री या राज्य सरकारच्या उपक्रमातल्या बायांच्या गटांनी घरे बांधली. झारखंडात स्वच्छ भारत अभियानाच्या वेळी शौचालये बांधायला गवंडी अपुरे पडले, तेव्हा बचत गटांतल्या हजारो बायांना ते काम शिकवले गेले. तिकडे गवंड्याला राजमिस्त्री म्हणतात, तर या बायांना राणी मिस्त्री म्हणू लागले. मराठीत मात्र गवंडीण म्हणजे गवंड्याची बायको. भाषेतही तिची जोडीच लावलेली आहे.

वर्षानुवर्षांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्र सरकारच्या कौशल्य योजनेत आहे आणि क्रेडाई या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या पुणे शाखेच्या ‘कुशल’सारख्या उपक्रमांतून साइटवरच प्रशिक्षण दिले गेले आहे. यांचा लाभ जरूर घ्यावा, मात्र प्रमाणपत्राच्या समारंभानंतर दुसऱ्या दिवशी त्या बाईची हजेरी गवंड्याच्या दराने लागली का, हे वहीत पाहावे. एका प्रकल्पावर अकरा बायांना प्रमाणपत्रे दिली, फोटो काढले, आणि महिन्याने पाहिले तर अकराही जणी पुन्हा घमेली वाहत होत्या. कारण विचारले तर सुपरवायझर म्हणाला, ‘साहेब, दर बदलायचा कागद कुठे आला?’ तो कागद आधी काढावा.

संडास, पाळणाघर, बूट

बाया साइटवर का टिकत नाहीत, याची उत्तरे परिषदांमध्ये लांबलचक दिली जातात. माझ्या मते निम्मे उत्तर संडासात आहे. बाराव्या मजल्यावर काम चालू असते आणि बायांचा एकुलता एक संडास खाली कामगार वस्तीच्या टोकाला, बिनकडीचा आणि बिनदिव्याचा असतो. खाली जाऊन परत येण्यात वीस मिनिटे जातात, सुपरवायझर ओरडतो, म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात याचा जो परिणाम व्हायचा तो होतो. दर चार-पाच मजल्यांमागे एक तात्पुरता संडास ठेवावा. त्याला आतून कडी, बादलीभर पाणी, पाळीच्या कापडासाठी झाकणाची टोपली आणि साफ करणाऱ्याचे नाव ठरलेले असावे. ते साफ करण्याचे काम एकाच जातीच्या माणसावर येत नाही ना, हेही पाहावे. पिण्याच्या पाण्याचे पिंप आणि पेला सर्वांचा एकच असावा. टोळ्या आपापले माठ वेगळे ठेवतात, त्याला ‘सोय’ म्हणतात आणि कोणी वाद घालत नाही. म्हणूनच ठेकेदाराने थंड पाण्याची सामाईक व्यवस्था चांगली ठेवली, की ते माठ हळूहळू आपोआप बंद पडतात.

पाळणाघराविषयी १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली द्यावी, अशी तरतूद होती. त्यामुळे बायांची नोंद पन्नासाच्या आत ठेवण्याची हुशारी काही ठिकाणी चालायची. जोडीची पद्धत तिथे फार उपयोगी पडे. वेतन संहितेबरोबरच अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत बाई-पुरुष न पाहता पन्नासांहून अधिक कामगार अशी अट आली आहे, त्यामुळे ही पळवाट बुजली. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवरच तंबूत पाळणाघर सुरू केले, तेव्हापासून मोबाइल क्रेशेस ही संस्था आणि पुढे मुंबई-पुण्यातल्या तिच्या भगिनी संस्था हे काम करत आल्या आहेत. अशा संस्थेला खोली, वीज, पाणी आणि खर्चाचा वाटा दिला, तर बाकीचे त्या आपल्यापेक्षा उत्तम सांभाळतात. पोर वाळूच्या ढिगावर खेळत असताना तिसऱ्या मजल्यावरच्या आईकडून सरळ भिंतीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

बूट, हेल्मेट आणि सुरक्षापट्टा यांची मापे पुरुषांची येतात. चार-पाच नंबरचे सुरक्षाबूट मागवल्याशिवाय दुकानदार ठेवत नाही, म्हणून बाया चपलेवर काम करतात आणि दंड त्यांनाच होतो. साडीवर पूर्ण सुरक्षापट्टा नीट बसत नाही. परांचीवर काम द्यायचे असेल तर शर्ट-सलवार असा पोशाख ठेकेदाराने शिवून द्यावा आणि अंबाड्यावर हेल्मेट कसे बसवायचे तेही पाहावे. पहिल्या दिवशी बाया लाजतात. आठवडाभरात, खिसे असलेला कपडा किती सोयीचा असतो हे त्याच एकमेकींना सांगू लागतात.

स्लॅब भरण्याचे काम रात्री उशिरापर्यंत लांबते. व्यावसायिक सुरक्षेच्या याच संहितेनुसार सायंकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत बाईला काम द्यायचे तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. स्लॅबच्या टोळीतून बायांना सरसकट वगळणे हा यावरचा सोपा आणि चुकीचा उपाय आहे, कारण स्लॅबच्या दिवशी जादा मजुरी मिळते. कोण थांबणार ते आदल्या दिवशी विचारावे आणि थांबणाऱ्यांना वस्तीपर्यंत पोचवायला वाहन ठेवावे.

तक्रार कुठे करायची

दहा किंवा अधिक माणसे कामावर असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि रोजंदारीवरची, ठेकेदाराकडची बाईही त्या कायद्याच्या कक्षेत येते. समिती मुख्य कार्यालयात असते आणि साइटवरच्या बाईला तिचा पत्ता ठाऊक नसतो, हे नेहमीचे चित्र आहे. साइटची वेगळी समिती करावी, तिच्यात एक तरी कामगार बाई असावी आणि बाहेरची सदस्य महिन्यातून एकदा पाळणाघरात येऊन बसावी. तिथे बाई आली तर कोणाला संशय येत नाही. तक्रार लेखी लागते, पण जिला लिहिता येत नाही तिला लिहून देण्याची जबाबदारी समितीची आहे.

जातीवरून हाक मारण्याचा प्रकार साइटवर इतका रुळलेला असतो, की बोलणाऱ्याला आपण काही चूक केली असे वाटतही नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा लोकांसमोर जातीवाचक अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. वडार महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतात, त्यांना या कायद्याचा आधार नाही. त्यामुळे ‘प्रत्येकाला नावाने हाक मारायची’ हा साइटचा स्वतःचा नियम लागतो, आणि तो इंजिनिअरने आधी पाळला तरच मुकादम पाळतो.

महिन्याचा हिशेब आणि जाताना द्यायचा कागद

दर महिन्याला एका पानावर चार आकडे लिहावेत: बायांचे एकूण कामाचे दिवस, त्यांपैकी कुशल दर्जाचे दिवस, स्वतःच्या नावे मजुरी मिळालेल्या बाया आणि महिन्यात काम सोडलेल्या बाया, कारणासह. डोकी मोजण्यापेक्षा दिवस मोजलेले बरे, कारण पाहणीच्या दिवशी डोकी जमवता येतात. अमेरिकेत सरकारी ठेक्यांवरच्या बांधकामात एकूण तासांपैकी ६.९ टक्के तास स्त्रियांचे असावेत, असे उद्दिष्ट १९८० साली ठरले. ते ज्या १९६५ च्या अध्यक्षीय आदेशावर आधारलेले होते, तो आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. मधल्या साडेचार दशकांत उद्दिष्टाचा आकडा तोच राहिला आणि देशभरच्या बांधकाम कारागिरांतले स्त्रियांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आतच घुटमळले. आकडा ठरवून शिकाऊ जागा, पाळणाघर आणि बिलाची अट मागून आणली, तर आपल्याकडेही वेगळे काही होणार नाही.

दिल्ली महापालिकेच्या रस्त्यांवर खोदकाम करणाऱ्या हजेरीपटावरच्या बायांना प्रसूतीचा लाभ द्यावा लागेल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. ‘रोजंदारीवर आहे, तिला कसली रजा’ हे म्हणणे त्या दिवसापासून टिकणारे नाही. शिवाय राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद असेल तर नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीला २०,००० रुपये मिळण्याची योजना आहे, मुलांच्या शिक्षणालाही मदत आहे. हा पैसा विकासकांनी बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर म्हणून भरलेलाच असतो. नोंदणीसाठी वय १८ ते ६० हवे आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. तो दाखला ठेकेदाराने द्यायचा असतो आणि जोडीतल्या बाईला तो सहसा मिळत नाही, कारण वहीत तिचे दिवसच नसतात.

काम संपून माणसे पांगतात त्या आठवड्यात प्रत्येकीच्या हातात दोन कागद द्यावेत. एक तो ९० दिवसांचा दाखला. दुसरा अनुभवाचा दाखला, ज्यावर किती मीटर भिंत बांधली, कोणत्या मजल्याचा गिलावा केला, कोणत्या दराने मजुरी घेतली आणि साइट इंजिनिअरचा फोन क्रमांक असावा. पुढच्या साइटवरचा मुकादम तिला पाहताच घमेले पुढे करणार, हे गृहीत धरून तो लिहावा. ‘महिला कामगार’, ‘मदतनीस’, ‘सहायक’ असे गोल शब्द त्यात नकोत. कामाच्या रकान्यात ठळक अक्षरांत ‘गवंडी’ असे लिहावे, खाली सही करावी आणि शिक्का मारायला विसरू नये.